उघडी राहिलेली फाइल

“नसीम, मी काय वंगाळ केलं का गं?”

सुलभानं मला दारातच गाठलं. कपाळभर कुंकू, हातात हळदीनं पिवळा झालेला ओला फडका आणि डोळे भरून आलेले. “पूजा झाली, बटण लावलं, आणि तेव्हापासनं फाइल उघडंना झालीय.”

खंडेनवमीची सकाळ होती. त्या दिवशी मिरजेत लेथपासून शिलाईच्या यंत्रापर्यंत सगळ्यांना सुट्टी. यंत्र बंद करायचं, पुसून काढायचं, फूल वाहायचं. सोबती केंद्रातही दरवर्षी पूजा व्हायची, आणि ती सुलभाच करायची. बाहेरच्या टेबलावर बसून फोन घेणं हे तिचं काम, पण केंद्रातल्या कुठल्याही वस्तूला धूळ लागली तरी तिच्या जिवाला लागायचं.

“डब्याचं बटण चालू असताना पूजा केलीस की बंद करून?” मी विचारलं.

“बंद करून! यंत्र थंड नको का पूजेला? मी मोठ्यानं विचारलं पण, सगळ्यांनी फाइल मिटली का म्हणून. करुणा सिस्टर हो म्हणाल्या. काकांच्या केबिनचं दार लोटलेलं होतं, तिथनं कुणी नाही म्हणालं नाही. मग केलं बटण बंद.”

मी कपाळाला हात लावला. शेल्फवर आमचा डबा झेंडूची माळ घालून बसला होता. हवेच्या भोकांतून कुंकू आत गेलेलं दिसत होतं.

डबा म्हणजे पोटात दोन हार्ड डिस्क असलेली पेटी. तीन टेबलांवरून एकच फाइल उघडता यावी म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला मीच तो तिथे बसवला होता. त्याआधी इथली तऱ्हा बघण्यासारखी होती. सुलभाकडे एक फाइल, सिस्टरांकडे दुसरी, उपाध्येकाकांच्या केबिनमध्ये तिसरी, आणि पेन ड्राइव्ह दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर. एकाच दात्याला सकाळी सुलभाचा फोन जायचा आणि दुपारी सिस्टरांचा. मी सगळ्यांची माहिती एका फाइलमध्ये गोळा केली, ती डब्यात ठेवली, आणि बजावून सांगितलं की आता हिला जपा, कारण आता ही एकच आहे.

मिरजेतल्या पाच-सात लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम मी तेव्हा नव्यानंच घेतलं होतं. बाकीच्या ठिकाणी फाइल बिघडली तर फार तर साहेब ओरडायचे. इथलं वेगळं होतं. ज्या मुलांच्या अंगात रक्त टिकत नाही, ज्यांना दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवावं लागतं, त्यांच्यासाठी हे केंद्र होतं. कुठल्या मुलाला कुणाचं रक्त चालतं आणि कुणाचं चालत नाही, ते सगळं त्या फाइलमध्ये होतं. रक्त काढायचं आणि चढवायचं काम समोरच्या इमारतीत चालायचं. माणसं जुळवायचं काम इथे.

आणि त्या दिवशी बाकावर बसू बसला होता.

बसवराज त्याचं नाव, पण जतकडून येणाऱ्या त्या सात वर्षांच्या पोराला सगळे बसूच म्हणत. एरवी तो आला की डब्याचे लुकलुकणारे दिवे बघत उभा राहायचा. आज आईच्या मांडीवर डोकं टाकून पडला होता. ओठांचा रंग भिंतीसारखा झाला होता.

“मॅडम,” त्याची आई महादेवी म्हणाली, “पोराला रगत मिळंल न्हवं आज?”

“मिळेल,” मी म्हणाले, आणि करुणा सिस्टरांकडे बघितलं. त्या नजर चुकवून मला आत घेऊन गेल्या.

“गेल्या खेपेला रक्त चढवताना त्याला हुडहुडी भरून ताप आला होता,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. तीस वर्षं रुग्णालयात काढलेली बाई, सहसा घाबरायची नाही. “आज तपासणी आली. त्याचं अंग आता परक्या रक्ताशी भांडायला लागलंय. रक्तपेढीतल्या पिशव्या लावून बघितल्या, एकही जुळेना. आपल्या दात्यांपैकीच कुणीतरी शोधायला हवा. फाइल दे मला, नसीम. तेवढी फाइल दे.”

“छापील यादी?”

“दोन वर्षांपूर्वीची आहे. बारीक तपासण्या त्यानंतर झाल्या. त्या फक्त फाइलमध्ये.”

आता माझा राग उसळला. रोज रात्री डब्यानं फाइलची नक्कल काढून ठेवावी, अशी सोय मी केलेली होती. पण नक्कल निघायला फाइल बंद असावी लागते. कुणी उघडी ठेवली की तिच्याशेजारी एक छोटी खुणेची फाइल उभी राहते, आणि शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ती जात नाही. मी येईन त्या सकाळी डब्यातली नोंद तीच: फाइल वापरात आहे, नक्कल घेतली नाही. मी टेबलाटेबलावर चिठ्ठ्या चिकटवल्या. सुलभा देवाची शपथ घ्यायची, सिस्टर माझ्यासमोर बंद करून दाखवायच्या. काकांना सांगितलं की ते म्हणायचे, “बघतो.” माझा स्वभाव आधीच फटकळ. काकांच्या तोंडावर बोलता येत नव्हतं, एवढंच.

त्यामुळे हाताशी होती ती एकच चांगली नक्कल, डबा बसवला त्या दिवशीची. ती उघडून सिस्टरांनी आधी फक्त मोकळ्या, म्हणजे कुठल्याच मुलाला लावून न दिलेल्या, दात्यांत शोधून बघितलं. बसूला चालेल असा एकही मोकळा दाता नव्हता. “नंतर बरेच नवे नोंदवलेत,” त्या म्हणाल्या. “त्यांत असेल कुणीतरी.”

मी काकांच्या केबिनमध्ये गेले.

भूपाल उपाध्ये. केंद्र त्यांनीच उभं केलेलं. मुलगी त्रिशला लहान असताना तिच्यासाठी रक्त शोधत दारोदार फिरले, आणि मग आपल्यासारखी इतर घरं दिसायला लागली म्हणून नोकरी सोडून हेच करत बसले. टेबलामागच्या फळीवर तिचा फोटो होता. दोन वेण्या, हसताना बारीक झालेले डोळे. मी पहिल्यांदा आले तेव्हा विचारलं होतं, तर म्हणाले होते, “त्रिशला. पुण्याला असते, शिकायला.” त्यापुढे मी कधी विचारलं नाही.

“काका, पूजेच्या वेळी तुमच्याकडे फाइल उघडी होती?”

“होती.”

“नुसती उघडी, की काही लिहीत होता?”

पडद्यावर बिघाडाचा संदेश तसाच होता. “एक तारीख बदलत होतो,” ते म्हणाले.

मी पुढचं गिळलं. वडीलधारा माणूस, बोलून काय उपयोग. बाहेर येऊन कामाला लागले. बिघडलेल्या फाइलला थेट हात लावायचा नाही, हे पहिलं. तिची आहे तशी नक्कल काढून बाजूला ठेवली आणि दुसऱ्या नकलेवर दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला. पडद्यावरची पट्टी सरकायला लागली. सुलभा माझ्या खुर्चीमागे उभी राहून पुटपुटत होती. कुठल्या देवाला साकडं घातलं होतं कोण जाणे, बहुतेक डब्यालाच.

“वीज गेली असती तरी हेच झालं असतं,” मी तिला म्हणाले. “रडू नकोस. महादेवीला चहा दे.”

फाइल उघडली.

दाते होते, गट होते, तपासण्या होत्या. मुलांची यादीही आली. फक्त पहिल्या क्रमांकाच्या ओळीत अक्षरांची नुसती खिचडी झाली होती. बटण बंद केलं त्या क्षणी जी ओळ लिहिली जात होती, तीच गेली होती. एका ओळीवर निभावलं म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला आणि सिस्टरांना खुर्ची दिली.

सिस्टरांनी बसूच्या तपासण्या भरल्या आणि शोध घेतला. मोकळे दाते: कुणी नाही. त्याखाली मात्र चार नावं उमटली. चौघांचंही रक्त बसूला तंतोतंत चालणारं. चौघांच्याही पुढे लिहिलेलं: क्रमांक एकसाठी राखीव.

केंद्राचा तसा नियम होता. दाता एका मुलाला लावून दिला की दुसऱ्या कुणासाठी त्याला बोलवायचं नाही. माणूस वर्षातून तीन-चारदाच रक्त देऊ शकतो, तो दुसरीकडे खर्ची पडला तर पहिल्या मुलानं काय करायचं? दात्याला मुलाचं नाव सांगायचं नाही आणि आईबापांना दात्याचं, हा दुसरा नियम. दात्याला फोनवर एवढंच सांगायचं, तुमच्या बाळाची तारीख आलीय.

सिस्टरांचा हात माउसवरून खाली आला. “हे अजून...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

“क्रमांक एक कोण?”

“त्रिशला. काकांची. पण नसीम, जरा ऐक...”

मी कशाला ऐकतेय. बाकावर पोर पांढरं पडलेलं, चार दाते समोर, आणि अडलंय कुठे तर एका शब्दावर. मी तशीच केबिनमध्ये घुसले.

“काका, दाते सापडले. चौघं जुळतायत, पण चौघंही त्रिशलाचे आहेत. तिची तारीख थोडी पुढे ढकलता येईल का? पुण्यात मोठमोठ्या पेढ्या आहेत, तिला तिकडे मिळेल एखादी पिशवी. या पोराला दुसरीकडे कुठेच मिळायची नाही.”

काकांनी फळीवरच्या फोटोकडे मान वळवली.

“ढकलतोच आहे, नसीम,” ते म्हणाले. “तेवढंच तर करतोय मी.”

मला काही उमगलं नाही. मला वाटलं, मुलीच्या काळजीनं बोलतायत. बाप म्हटला की असं होणारच. म्हणून त्यांना धीर द्यायला मी आणखी एक सांगितलं. “आणि तिची ओळ तेवढी खराब झालीय. पण घाबरू नका, पहिल्या दिवशीच्या नकलेत आहे ती. तिथनं उचलून आत्ता टाकते, होती तशी दिसेल.”

“त्यात काय काय आहे?”

“सगळं. नाव, गट, दाते, पुढची तारीख.”

“पुढची तारीख,” काका म्हणाले. मग उठून उभे राहिले आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. “ती नको. नवी लिही. मी सांगतो.”

मला घाई होती, पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी मुकाट्यानं बसले. रिकामी ओळ उघडली.

“नाव?”

“त्रिशला भूपाल उपाध्ये.”

“गट?”

“बी पॉझिटिव्ह.”

जन्मतारीख सांगितली. पहिल्यांदा रक्त चढवलं ते साल सांगितलं. कुठल्या रक्तानं तिला त्रास झाला होता तेही न अडखळता सांगितलं, पाठ असल्यासारखं. दाराशी सिस्टर येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यामागे सुलभा.

“पुढची तारीख?”

काका खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“काका? पुढची तारीख काय टाकू?”

“तिथे काही घालू नको.”

“रिकामी ठेवली तर पुढे जाता येत नाही. मग ते विचारतं, नोंद चालू की बंद.”

“बंद,” काका म्हणाले.

मी सवयीनं बंद निवडलंही होतं. पडद्यावर पुढचा चौकोन आपोआप उघडला होता. कारण निवडा: केंद्र बदलले, उपचार संपले, निधन. मी वळून बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

“तिसरं,” काका म्हणाले. “गेल्या पौषात गेली ती. रक्त कधी कमी पडलं नाही हो तिला. चढवलेल्या रक्तातलं लोह हृदयात साठत गेलं, ते हृदयच थकलं.”

सिस्टरांनी तोंडाला पदर लावला. त्यांना आणि सुलभाला ती गेल्याचं ठाऊक होतं, अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण तिची ओळ काकाच सांभाळायचे; ती नोंद अजून चालू आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“ही फाइल फार वाईट आहे, नसीम,” काका म्हणाले. “तारीख उलटली की नाव लाल करते. ते लाल झालेलं मला बघवेना. म्हणून पुढची तारीख घातली. ती आली की त्याच्या पुढची. दात्यांना मीच फोन करायचो. ते यायचे, रक्त द्यायचे. वाया गेलं नाही ते, पेढीतनं दुसऱ्या पोरांना मिळालं. पण ते विचारायचे, आमचं बाळ बरं आहे ना? मी म्हणायचो, बरं आहे.”

“आणि फाइल...” माझ्या तोंडून निघून गेलं.

“संध्याकाळी तिला मिटून घरी कसं जायचं?” ते म्हणाले. “तू चिठ्ठ्या चिकटवायचीस. मी वाचायचो रोज. जमत नव्हतं.”

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी पळूनही जावंसं वाटलं. आत्ताच मी त्यांना सांगितलं होतं, पुण्यात मिळेल तिला एखादी पिशवी. ते शब्द मला आजही मधूनच आठवतात.

“निवड की,” काका म्हणाले. “बाहेर पोर बसलंय.”

मी तिसरं निवडलं. सिस्टरांनी आपल्या टेबलावर जाऊन पुन्हा शोध घेतला, आणि या वेळी ती चार नावं वरच्या रकान्यात आली. मोकळे दाते.

पहिला फोन काकांनीच लावला.

अशोक गाडवे लगेच आले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान, खंडेनवमीमुळे बंद. अंगात नवा शर्ट, कपाळाला कुंकू, हाताला अजून झेंडूचा वास. आल्या आल्या दारातनंच म्हणाले, “काय काका, आमचं बाळ बरं हाय न्हवं?”

“बसा अशोकराव.”

“बसायचं कशाला, चला की पेढीत. आज हात मोकळेच हायत.”

“बसा,” काका पुन्हा म्हणाले, आणि अशोकराव बसले. काका त्यांच्यासमोर उभेच राहिले, शाळेत उभं करतात तसे. “तुमचं बाळ गेलं. माझीच मुलगी होती ती. तुमचं रक्त तिला आठ वर्षं मिळालं. पौषात गेली, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. त्यानंतरही तुम्हाला तिच्या नावानं बोलावलं. खोटं बोललो तुमच्याशी.”

अशोकरावांनी मान खाली घातली. भाजण्याचे डाग पडलेले त्यांचे हात गुडघ्यांवर होते. ते रागावतील, उठून जातील, असं मला वाटत होतं. सुलभानं तर आधीच डोळे मिटून घेतले होते.

“पोरगी व्हती व्हय,” ते शेवटी म्हणाले. “मला आपलं वाटायचं, पोरगा असंल. का कुणास ठावं.” मग डोळे पुसून त्यांनी वर बघितलं. “मग आज कुणासाठी बोलावलंसा?”

काकांनी स्वतः केलेला नियम स्वतःच मोडला. त्यांनी अशोकरावांच्या दंडाला धरलं आणि बाकापाशी नेलं. बसूनं डोळे किलकिले करून बघितलं. महादेवी घाईघाईनं पदर सावरून उभी राहिली.

“हा बसवराज,” काका म्हणाले. “जतहून येतो.”

अशोकराव खाली वाकले. “काय बसवराज? माझ्या दुकानात ठिणग्या उडत्यात. बघायला येशील का बरा झालास म्हंजे?”

बसूनं मान हलवली. अशोकराव बाह्या वर सारतच समोरच्या इमारतीकडे निघाले.

संध्याकाळी बसूला रक्त चढलं. हुडहुडी भरली नाही, ताप आला नाही. सिस्टर त्याच्या उशाशी शेवटपर्यंत बसून होत्या. मी दुरुस्त केलेली फाइल डब्यात ठेवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा, केंद्राला सुट्टी. पण मला चैन पडेना. दुरुस्त झालेली फाइल रात्रभर नीट राहिली की नाही, ते बघायचं निमित्त करून सुलभाकडून किल्ली घेतली आणि सकाळीच गेले.

आत कुणी नव्हतं. शेल्फवर डबा एकटाच लुकलुकत होता. आधी मला वाटलं, माळ गळून पडली असेल, म्हणून खाली वाकून बघितलं. खाली नव्हती. सुलभाच्या टेबलावरून डबा उघडला. फाइलशेजारी खुणेची फाइल नव्हती. कुणीही तिला धरून ठेवलेलं नव्हतं. नकलांच्या कप्प्यात कालच्या रात्रीची नक्कल निघालेली होती, अगदी पहिल्यांदा.

मी काकांचा कॉम्प्युटर बघायला केबिनमध्ये गेले. तो बंद होता, वर रुमाल टाकलेला. फळीवर त्रिशलाचा फोटो पुसून सरळ केलेला होता, आणि त्याला डब्याची झेंडूची माळ घातलेली होती.

मी दार ओढून घेतलं आणि किल्ली परत द्यायला सुलभाकडे गेले.